जुनी मोटार आणि घरचा हात

नेरळ स्टेशनावर उतरून डोंगराकडे तोंड केलें कीं माथेरानास जाणाऱ्या दोन वाटा समोर येतात. एक दोन फुटी रुळांची, दुसरी मोटारींची. रुळांची वाट सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशानें आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या चिकाटीनें १९०४ ते १९०७ या काळांत तयार झाली. वीस फुटांस एक फूट अशा चढावर डबे ओढण्याकरितां जर्मनींतून चार लहानशीं वाफेचीं एंजिनें आलीं आणि तीं सुमारें पाऊणशें वर्षें राबलीं. त्यांपैकीं एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयांत पाहावयास मिळतें. एवढें आयुष्य त्यांना केवळ लोखंडाच्या गुणानें लाभलें नाहीं. वाफेच्या एंजिनाला रोज तेल, रोज सफाई आणि रोजची तपासणी लागतेच. ती ज्यानें चुकविली त्याचें एंजिन चढावर उभें राहावयाचें, हा त्या धंद्याचा साधा न्याय आहे.

हाच न्याय घरच्या जुन्या मोटारीस लागू पडतो. आपल्याकडे जुनी मोटार म्हटली कीं पहिल्यानें प्रीमियर पद्मिनी डोळ्यांपुढें येते. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ही गाडी तयार होई. मूळ घडण इटलीच्या फियाट कंपनीची, म्हणून जुन्या माणसांच्या तोंडीं तिचें नांव ‘फियाट’ असेंच राहिलें. १०८९ घन सेंटिमीटरांचें चार नळकांड्यांचें साधें एंजिन, बॉनेट उघडलें कीं प्रत्येक भाग हाताशीं, आणि संगणकाचा कोठें मागमूस नाहीं. मुंबईच्या टॅक्सींतून ती २०२३ सालच्या आक्टोबरांत निवृत्त झाली. पण कांहीं घरांच्या पडवींत ती अजून उभी आहे. वडिलांनीं घेतलेली म्हणून मोडवत नाहीं, आणि पैसा बेताचा म्हणून दुरुस्तही होत नाहीं, अशा त्रिशंकू अवस्थेंत.

अशा घरानें प्रथम एक प्रश्न निर्भयपणें सोडवावा: ही गाडी ठेवण्याजोगी आहे काय? खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर योग्यतेची तपासणी करून ती पांच पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. या नूतनीकरणाचें शुल्क १ एप्रिल २०२२ रोजीं ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालें, आणि वीस वर्षांपलीकडच्या गाड्यांसाठीं २०२५ सालीं तें आणखी वाढलें. तेव्हां खर्चाचा अंदाज या आंकड्यापासून सुरू करावा. मग गाडीखालीं पाहावें. पाटे जेथें अंगाला जोडलेले असतात ती जागा, दारांखालचे उंबरठे आणि पायाखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनें ठोकून पाहावा. खणखणीत आवाज आला तर गाडी जगणारी आहे. बद्द आवाज येऊन पापुद्रे गळूं लागले, तर एंजिन कितीही गोड चालत असलें तरी त्या गाडीवर पैसा घालूं नये. एंजिन बदलतां येतें, पण कुजलेला सांगाडा बदलणें म्हणजे गाडी नवी करणेंच होय.

गाडी ठेवावयाची ठरली तर पैसा कोणत्या क्रमानें घालावा? बहुतेक गृहस्थ रंगापासून प्रारंभ करतात आणि येथेंच चुकतात. योग्य क्रम असा: आधीं थांबणें, मग वळणें, मग चालणें, आणि सर्वांत शेवटीं दिसणें. नेरळहून दस्तुरीपर्यंतचा रस्ता थोडक्या किलोमीटरांत सहाशें मीटरांहून अधिक उंची गांठतो. त्या रस्त्यावर गाडी चढली नाहीं तर फजिती होते. ती थांबली नाहीं तर काय होतें, हें सांगावयास नको.

म्हणून पहिला मान ब्रेकाचा. त्या काळच्या अनेक गाड्यांत चारी चाकांच्या ब्रेकांना तेलाचा एकच मार्ग असतो. एका चाकाशीं गळती झाली कीं चारही चाकांचा ब्रेक जातो. याची परीक्षा घरीं फुकट होते. एंजिन बंद ठेवून ब्रेकचें पायटें जोरानें दाबावें आणि मिनिटभर तसेंच धरावें. तें हळूहळू खालीं जाऊं लागलें तर तेल कोठेंतरी गळत आहे किंवा मुख्य पंपाचें रबर झिजलें आहे. दोनतीनदां दाबल्यावर पायटें वर येत असेल, तर पट्टे जुळवावयाचे राहिले आहेत अथवा नळींत हवा शिरली आहे. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. डॉट ३ जातीचें ताजें तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाहीं. तेंच ओल शोषल्यावर १४० अंशांच्या सुमारास उकळूं शकतें. घाट उतरतांना ब्रेक तापतात, तेल उकळून नळींत वाफ होते, आणि पायटें एकाएकीं पोकळ लागतें. कोंकणच्या पावसाळ्यांत ओलीला काय तोटा? दर दोन वर्षांनीं तेल बदलणें हा कांहींशें रुपयांचा खर्च आहे, आणि सबंध गाडींत त्याहून किफायतशीर दुरुस्ती दुसरी नाहीं. तरीही तपासणी घरीं करावी आणि पंप व नळ्यांचें काम जाणत्या मिस्त्रीकडून करून घ्यावें. घरच्या हाताला मर्यादा आहे ती येथें. आणि उत्तम ब्रेकालाही मदत लागतेच. ज्या गिअरमध्यें गाडी चढली त्याच गिअरमध्यें ती उतरवावी.

गाडी उचलण्याविषयीं एक कडक नियम पाळावा. जॅक हा उचलण्यासाठीं असतो, तोलून धरण्यासाठीं नव्हे. सपाट व टणक जागा पाहून, न उचललेल्या चाकांना दोन्हीं बाजूंनीं दगड लावून, गाडी लोखंडी घोड्यांवर टेकविल्याखेरीज कोणीही तिच्याखालीं जाऊं नये. विटांचा ढीग हा घोडा नव्हे. वीट न सांगतां फुटते.

यानंतर पाण्याची व्यवस्था. उंची वाढेल तसें पाणी कमी उष्णतेला उकळतें, दर तीनशें मीटरांस सुमारें एक अंश. म्हणजे माथेरानच्या आठशें मीटरांवर उघडें पाणी सत्त्याण्णव अंशांच्या जवळपासच उकळतें. रेडिएटरचें झांकण दाब धरून हा तोटा भरून काढतें. पण त्याचें रबर वाळलें कीं तो गुण जातो, आणि शंभरदोनशें रुपयांच्या झांकणावांचून हजारों रुपयांचें हेड वाकतें. रेडिएटरमध्यें विहिरीचें पाणी ओतूं नये, त्यांतील क्षार नळ्यांत धरतात. शुद्ध केलेलें पाणी व कूलंट यांचें मिश्रण घालावें. पंख्याचा पट्टा बोटानें दाबून सुमारें अर्धा इंच लवला पाहिजे. त्यावर भेगा दिसल्या तर घाट चढण्यापूर्वीं बदलावा. आणि एंजिन तापलेलें असतां झांकण कधींही उघडूं नये. त्या वाफेनें तोंड भाजतें.

पेट्रोलाचा विषय अलीकडे निराळ्याच कारणानें महत्त्वाचा झाला आहे. २०२५ पासून देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळूं लागलें. उसाच्या मळीचा हा पदार्थ महाराष्ट्राला परका नाहीं, पण जुन्या गाडीला परका आहे. त्याचे परिणाम तीन. पहिला, तो जुन्या जातीचें रबर फुगवितो व मऊ करतो. त्यामुळें पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवावे. तापलेल्या एंजिनावर पेट्रोल ठिबकणें म्हणजे आगीला आमंत्रण. दुसरा, तो पाणी ओढून घेतो. पावसाळ्यांत गाडी महिनाभर उभी ठेवावयाची असेल तर टाकी भरून ठेवावी, म्हणजे ओलसर हवेला आंत जागा उरत नाहीं. तिसरा परिणाम गणिताचा. एक भाग पेट्रोल जळण्यास वजनानें सुमारें पावणेपंधरा भाग हवा लागते, इथेनॉलास नऊ भाग पुरतात. नवी मोटार हा फरक ओळखून मिश्रण आपोआप सुधारते. जुना कार्ब्युरेटर ठरल्या मापानेंच देत राहतो, म्हणून मिश्रण पातळ होतें आणि एंजिन अधिक तापतें.

हें ओळखण्याची पाटी म्हणजे प्लग. प्लग काढण्यापूर्वीं तारांना एक, दोन, तीन, चार अशा चिठ्ठ्या बांधाव्या. हा आळस केल्यानें कित्येक गाड्या दोरीनें बांधून गॅरेजांत गेल्या आहेत. काढलेल्या प्लगाचें टोंक फिकट तपकिरी असलें तर सर्व ठीक. काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. काळें व तेलकट असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजले. पांढरें फटफटीत असेल तर मिश्रण पातळ. अशा वेळीं कार्ब्युरेटर जाणणाऱ्या मिस्त्रीकडून जेट थोडें मोठें करून घ्यावें. मास्तर जसे पोराची वही पाहून त्याचा अभ्यास ओळखतात, तसें प्लग पाहून एंजिनाचें अंतरंग ओळखतां येतें.

विजेच्या कामांत थोडक्या पैशांत मोठा लाभ आहे. जुन्या गाडीचे दिवे मंद असतात तो बहुधा दिव्यांचा दोष नसतो. सगळी वीज जुन्या स्विचांतून व हिरवट पडलेल्या जोडांतून जात असल्यानें वाटेंतच तिचा जोर ओसरतो. जोड कागदानें घासून चकचकीत करावे, बॅटरीपासून अंगाकडे जाणारी तार घट्ट करावी, आणि दिव्यांसाठीं रिले व नवी जाड तार घालावी. बॅटरीशेजारीं फ्यूज मात्र विसरूं नये. पॉइंटऐवजीं विजेच्या ठिणगीचा नवा संच बसविणें ही दुसरी उपयुक्त सुधारणा. त्यानें पॉइंट घासण्याची कटकट संपते आणि पावसाळी सकाळीं गाडी लवकर चालू होते.

पावसाचा खरा शत्रू पत्र्याला. नेरळच्या चिखलांत फिरलेली गाडी वरून धुतात, खालून कोणी धूत नाहीं. मडगार्डांच्या आंत अडकलेला चिखल ओला स्पंज होऊन महिनोन्महिने पत्रा खात बसतो. दारांच्या तळाशीं पाणी जाण्याचीं भोकें असतात, तीं तारेनें मोकळीं करावीं. गंजलेला भाग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासून, गंजरोधक लावून, रेड ऑक्साइडचा हात द्यावा व वर रंग. गंजावर नुसता रंग मारणें म्हणजे जखम न धुतां पट्टी बांधणें.

सुधारणेच्या उत्साहांत कायद्याची आठवण ठेवावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडीच्या मूळ घडणींत परवानगीवांचून बदल करूं देत नाहीं. पट्टे, टायर, रिले यांस हरकत नसते. परंतु एंजिन बदलणें किंवा दुसऱ्या इंधनावर चालविणें यांस रीतसर मंजुरी लागते. ती न घेतल्यास विमा मिळण्याच्या वेळींच अडचण उभी राहते.

सुट्या भागांसाठीं नेरळच्या गृहस्थाला फार दूर जावें लागत नाहीं. कर्जत लोकलनें तो कुर्ल्यास उतरतो, जेथें ही गाडी जन्मली. तेथें न मिळाल्यास चोरबाजार आहेच. जातांना जुना भाग वर्तमानपत्रांत गुंडाळून बरोबर न्यावा, कारण नांवापेक्षां नमुना खरा. ब्रेकचे व स्टिअरिंगचे भाग मात्र वापरलेले घेऊं नयेत. तेथें काटकसर करणें म्हणजे कुटुंबाच्या जिवावर पैसा वाचविणें होय.

शेवटीं, गाडीच्या कप्प्यांत एक वही असावी. कोणत्या तारखेस, किती किलोमीटरांवर, काय बदललें व किती खर्च आला, याची नोंद तींत ठेवावी. वर्षाअखेर बेरीज केली म्हणजे गाडी परवडते कीं नाहीं, हें कोणाला विचारावें लागत नाहीं. ज्या वर्षीं बेरीज सांगेल त्या वर्षीं ती आनंदानें मोडींत द्यावी. तोंवर रविवारच्या सकाळीं घरांतील मुलानें किंवा मुलीनें प्लग हातांत धरून त्याचा रंग वाचावा. नवी मोटार पैशानें येते, पण यंत्र ओळखण्याची ही नजर जुन्या गाडीपाशीं बसूनच येते. आणि पुढें दारांत कोणतीही गाडी आली तरी ती नजर त्या घरांत राहते.