बाळाची खोली, मुलीची जागा

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



काल जेवताना आपल्यातल्या एकीनं विचारलं, "ताई, मला सातवा चालू आहे. बाळाची खोली कशी सजवू? अशी, की दरवर्षी मोडतोड करायला नको, मूल वाढेल तशी खोलीही वाढेल." तिच्या पंक्तीतल्या दोघीतिघी हसल्या. एक म्हणाली, "हे काय शिबिरात विचारायचे प्रश्न?" ती पोर ओशाळली आणि गप्प बसली. मला ते आवडलं नाही, म्हणून ठरलेला विषय बाजूला ठेवून आज त्यावरच बोलते आहे. घरातली कुठली जागा कुणाची, हा प्रश्न आपला नाही तर कुणाचा?

माझी मुलगी १९९१ साली झाली, तेव्हा आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीत राहत होतो. १६० चौरस फुटांची एक खोली आणि माणसं सात. संडास मजल्यावरचे, सगळ्यांचे मिळून. तिथं 'बाळाची खोली' हा शब्द कुणी उच्चारला असता तर सासूबाई हसून हसून लोळल्या असत्या. पण खिडकीजवळचा कोपरा होता, साधारण चार फूट बाय पाच. तिथली ट्रंक हलवून मोरीजवळ नेली आणि म्हटलं, हा हिचा.

कोपऱ्यात काय केलं ते सांगते, कारण त्यातलं बरंचसं आजही चालेल. छताला कडी होतीच, तिला जुन्या लुगड्याची झोळी बांधली. झोळीत ती रमायची, झोपायला मात्र खाली पातळ, घट्ट गादीवर उताणी ठेवायची. उशी नाही, मऊ दुलया नाहीत. डॉक्टरही आज तेच सांगतात. दुकानातल्या गुबगुबीत उशा आणि झालरी फोटोसाठी बऱ्या, वर्षाच्या आतल्या मुलाच्या नाकातोंडाशी नकोत.

भिंतीला चुना दिला. रंगाचा डबा परवडत नव्हता म्हणून. पण ते चुकून बरंच झालं. तेलरंगांत तेव्हा शिसं सर्रास असायचं, आणि रांगतं मूल पोपडे तोंडात घालतं. शिशानं वाढत्या मेंदूचं होणारं नुकसान भरून येत नाही. आता २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही. तेव्हा डब्यावर ते छापलेलं पाहूनच घ्या. आणि जुन्या घराची भिंत गरोदर बाईनं स्वतः खरवडू नये.

ती बसायला लागल्यावर यांनी जमिनीपासून दीड फुटावर एक फळी ठोकली. (हो, यांनीच. मी रविवारी मीटिंगला गेले होते. आल्यावर पाहते तर सासूबाई खिळे पुरवताहेत!) त्या फळीवर तिच्या वाट्या, चिंचोके भरलेला डबा, शंख-शिंपले, चिंध्यांची बाहुली. हे मी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याकडून शिकले. बोर्डीला १९४५ साली आणि पुढे कोसबाडला त्यांनी जे काम उभं केलं, त्यात महागाची साधनं नव्हतीच. परिसरात मिळेल त्या वस्तू, त्याही मुलाच्या हाताला येतील अशा. अनुताईंच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी होती. आज आपली ही मैत्रीण जे विचारते आहे, तेच नाही का ते? मूल वाढतं, जागा तीच राहते, आणि जागेतल्या वस्तू त्याच्या उंचीबरोबर वर सरकतात.

आमची फळी तशीच सरकली. तीन वर्षांची झाली तेव्हा दोन फुटांवर. शाळेत जायला लागल्यावर तीच फळी बिजागऱ्यांवर बसवली. उघडली की टेबल, मिटली की भिंत. कडीवरची झोळी गेली, तिथून दोरी बांधून पडदा आला. गुलाबी काही नव्हतं, निळंही नव्हतं. रंगावरून मुलगा-मुलगी ठरवायची चैन आमच्याकडे पोचलीच नव्हती. आता ती गरिबाघरीही पोचली आहे. बारशाला राजकन्येचं चित्र असलेली चादर येते आणि भावाला मोटारीची. चादर फाटेपर्यंत वापरावी, पण मुलीला मोटारही आणावी.

आता जे सांगायला जड जातं ते. २००४ साली दिरांचा मुलगा गावाहून कॉलेजसाठी आमच्याकडे आला. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची. घरात कुणी बैठक घेतली नाही, ठराव केला नाही. एका संध्याकाळी टेबल त्याचं झालं. पडदा काढला, कोपऱ्यात त्याचं कपाट आलं. त्या वयाच्या मुलीला पडद्याची गरज सगळ्यांत जास्त. पाळी सुरू झालेली, कपडे बदलायला आडोसा हवा, आणि आम्ही तोच काढला. ती मधल्या लांब व्हरांड्यात दिव्याखाली अभ्यासाला बसायला लागली. मी तिला म्हटलं, "समजून घे गं, मोठी झालीस ना आता." हे मी म्हटलं. वस्त्यावस्त्यांत मुलींच्या हक्कांवर बोलत फिरणाऱ्या मी.

तान्ह्या मुलीला कोपरा द्यायला आमच्या घरात कुणाची ना नव्हती. ती वाढली तसा तो कमी होत गेला. आपल्या घरांत मुलग्याची जागा वयाबरोबर वाढते आणि मुलीची आक्रसते, कारण ती 'जाणारच' आहे. कायदाही कितीतरी वर्षं हेच म्हणत होता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातल्या कलम २३ प्रमाणे राहत्या घराची वाटणी मुलीला मागता येत नव्हती. घरातले पुरुष वारस आपसात वाटणी करायला तयार होईपर्यंत तिनं थांबायचं. आणि राहायचा हक्क तरी कुणाला? अविवाहित, विधवा, टाकलेली किंवा नवऱ्यापासून वेगळी झालेली असेल तर. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. कलम २३ गेलं ते २००५ साली. म्हणजे टेबल गेलं, त्याच्या पुढच्या वर्षी.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्यात आमचंही घर होतं. जुनी खोली रिकामी करताना ते कपाट हलवलं. मागे भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या, तिच्या उंचीच्या, दर वाढदिवसाच्या. तेराव्यानंतर खूण नाही. ती उभी राहून बघत होती, काही बोलली नाही. नातीनं विचारलं, "आई, मग तू वाढायची थांबलीस का?"

नव्या घरात दोन झोपायच्या खोल्या आहेत. दुसरी कुणाची, यावर शेजारीपाजारी घरोघर वाद चालले आहेत. कुठं मुलगा-सुनेची, कुठं म्हाताऱ्यांची, कुठं पाहुण्यांची. आमच्याकडे मुलगी या वेळी गप्प बसली नाही. कागदावर तिचंही नाव लागावं, असं तिनं स्पष्ट सांगितलं. भाऊ आधी रुसला, मग तयार झाला. अजून सगळं सुटलेलं नाही, एवढंच सांगते.

तर तुझ्या प्रश्नाकडे येते, बाई. पाळणा उसना आण, तो सहा-आठ महिनेच लागतो. लाकडाचं एकच चांगलं टेबल कर, पायांना भोकं पाडून खुंट्या घालायची, म्हणजे उंची वाढवता येईल. कपाट भिंतीला स्क्रूनं पक्कं कर, मुलं त्यावर चढतात. एक भिंत रिकामी ठेव, ती तो किंवा ती पुढे स्वतः भरेल. तुलाही पाजायला टेकून बसता येईल अशी जागा त्याच खोलीत ठेव, आणि रात्री उठणाऱ्या बापाची गादीही तिथंच पडू दे. दाराला आतून कडी आत्ताच लावून घे, मुलाचा हात पोचणार नाही इतकी उंच. बारा-तेराव्या वर्षी खाली आणशील.

आणि मुलगी झाली तर तेराव्या वर्षी तिची जागा कुणाला देणार नाही, हे आज नवऱ्याशी आणि सासूशी बोलून ठेव. तेव्हा बोलायला गेलीस तर उशीर झालेला असतो.

तुझ्या खोलीचं माप आणलं आहेस ना? जेवणाच्या सुट्टीत खडू घेऊन ये. या हॉलच्या जमिनीवर आखून बघू. काल हसलेल्या तिघींनीही यावं, टेप धरायला माणसं लागतील.