परदेशगमन आणि आपली संस्कृती
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आपली कित्येक मुले-मुली आज अमेरिकेत आहेत. ते दार पूर्वी उघडे नव्हते. १९२४ च्या कायद्याने आशियातील लोकांस तेथे जवळजवळ मज्जाव केला. १९४६ साली हिंदी लोकांस वर्षाला अवघ्या शंभर जागा मिळाल्या. जन्मदेशावरून जागा वाटण्याची ही पद्धत १९६५ च्या कायद्याने मोडीत काढली. परक्यांमुळे आपली संस्कृती बुडेल, ही त्या जुन्या निर्बंधांमागील भीती होती.

आपल्या जिल्ह्याचा इतिहास याबाबत काय सांगतो? मलिक अंबर हबसाणात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि दक्षिणेत आला. १६०० साली नगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावर निजामशाही तगवून धरली ती याच परक्याने, मराठा सरदारांच्या साह्याने! १६२६ साली तो वारला. पण त्याची जमीनमहसुलाची व्यवस्था महाराष्ट्र विसरला नाही.

आपल्या दाराचे नियम ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे, आणि येणाऱ्यानेही तेथील कायदा व भाषा आदरिली पाहिजे. परंतु माणसाची पारख जन्मावरून होऊ नये. आपल्या मुलांसाठी तेथे जो न्याय मागतो, तोच येथे पोटासाठी आलेल्या परप्रांतीय मजुरास द्यावा.

राहता राहिली संस्कृती. आजीशी नातवाला मराठीत बोलता येत नसेल, तर तो दोष कोणत्या परक्याचा? सुटीत आलेल्या नातवंडांस निदान बाराखडी तरी शिकवावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.