पिल्लाला शिकवायचं, पण मारून नाही



मागच्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत कर्जाचा विषय बाजूला राहिला आणि अर्धा तास बोलणं चाललं ते एका पिल्लावर. पॉमेरियन आणि गावठीचं मिश्र, चार महिन्यांचं, मांजरापेक्षा थोडंसं मोठं. घरात मुततं, पोरांच्या पायाला चावतं, कोंबड्यांमागे धावतं. घरच्यांनी ठरवलं होतं, बाजारच्या दिवशी लांब नेऊन सोडायचं. असं सोडलेलं पिल्लू बहुतेक वेळा जगत नाही. जगलंच तर भुकेलं, भेदरलेलं फिरतं आणि दुसऱ्या गावातल्या लेकरांना चावतं. म्हणून आजचा विषय हाच घेतला.

आधी मुतण्याचं बघू. पिल्लू झोपून उठलं, खाल्लं, खेळलं, की त्याला लागतेच. त्या वेळी त्याला उचलून रोज एकाच जागी न्यायचं, गोठ्यामागे म्हणा, परड्यात म्हणा. गप्प उभं राहायचं. त्याने केलं, की लगेच ‘शाब्बास’ म्हणायचं आणि भाकरीचा चण्याएवढा तुकडा द्यायचा. लगेच म्हणजे तिथल्या तिथे. घरात येऊन दिला तर त्याला वाटतं, घरात आल्याबद्दल मिळाला. मारण्याचंही तसंच आहे. सकाळी घाण केली आणि तुम्ही दुपारी शेतावरून येऊन फटका दिला, तर त्याला इतकंच कळतं की बाई आली की मार बसतो. मग ते खाटेखाली लपून मुतायला लागतं. नाक घाणीत घासण्यानेही काही साधत नाही. पुसून घ्या. मातीची जमीन असेल तर तेवढी जागा खरवडून पुन्हा सारवा, कारण वास राहिला की ते तिथेच जातं.

आता ‘बस’. तुकडा त्याच्या नाकाशी धरा आणि हळूच डोक्यावरून मागे न्या. मान वर गेली की बूड आपोआप खाली टेकतं. टेकलं की ‘बस’ म्हणा, तुकडा द्या. पाच मिनिटं पुरे, दिवसातून दोन-तीनदा. पण शब्द सगळ्यांचा एकच हवा. सासूबाई ‘हाड’ म्हणणार, पोरं ‘गो’ म्हणणार, मालक ‘ए गप’ म्हणणार, आणि वर आपणच म्हणायचं की कुत्रं हट्टी आहे!

चावण्याचं म्हणाल तर चौथ्या ते सहाव्या महिन्यात त्याचे दुधाचे दात पडून नवे येतात, हिरड्या शिवशिवतात. जुन्या लुगड्याची जाड गाठ मारून द्या चावायला. हाताला दात लावले की खेळ बंद, तोंड फिरवून उठायचं. पोरांना सांगा, ओरडत पळू नका. पळणाऱ्याच्या मागे धावणं कुत्र्याच्या रक्तातच आहे.

कोंबड्यांचं काम चिवट. त्या ताईंनी पिल्लाला दोरी लावून कोंबड्यांपासून वीसेक पावलांवर बसवलं. कोंबड्यांवरची नजर काढून त्याने ताईंकडे बघितलं, की उकडलेल्या अंड्याचा कण. दोन-चार दिवसांनी एक पाऊल पुढे. ओढायला लागलं की पुन्हा मागे. आता पिल्लू अंगणात बसतं, पण दोरी अजून सोडलेली नाही, आणि ते बरोबरच आहे. काही कुत्री कोंबड्यांचा नाद कधीच सोडत नाहीत. तिथे खुराड्याला जाळी हाच उपाय.

कुत्रं तिखट व्हावं म्हणून दिवसभर साखळीला बांधणारे आपल्याकडे कमी नाहीत. बांधलेलं कुत्रं राखण करत नाही, येईल त्याच्या अंगावर जातं. घरच्या लेकराच्याही.

बायकांनीच हे का करायचं, असं एकीने विचारलं. कुत्रं ज्याच्या हातून खातं त्याचं ऐकतं, आणि भाकरी आपल्या हातात असते, म्हणून. फक्त कांदा-लसूण घातलेलं उरलंसुरलं त्याला घालू नका, कुत्र्याच्या रक्ताला ते बाधतं.

शेवटी लशीचं. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा आणि दर वर्षी. शहाण्या कुत्र्यालाही लस लागतेच. कुणाला दात किंवा नख लागलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा, तिथे लस मोफत असते. सांगितलेले सगळे डोस पूर्ण करा. हा रोग एकदा दिसायला लागला की माणूस वाचत नाही.

ज्यांच्याकडे पिल्लं आहेत त्यांनी पुढच्या बैठकीत नावं द्या. जनावरांच्या दवाखान्यात एकाच दिवशी जाऊ, टेम्पोचं भाडं वाटून जाईल.