प्रकल्पाच्या फाइलीत आपल्या संगणकाचा पत्ता नको



प्रोग्राम लिहिणारी माणसं दिवसाचे आठ-दहा तास ज्या खिडकीसमोर बसतात, तिला कोड एडिटर म्हणतात. मायक्रोसॉफ्टने २९ एप्रिल २०१५ रोजी जाहीर केलेला व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा एडिटर आज कॉलेजच्या लॅबपासून मोठ्या कंपन्यांपर्यंत सगळीकडे दिसतो, म्हणून मी त्याच्याच आधाराने बोलतो. या एडिटरमध्ये प्रकल्प उघडून त्या प्रकल्पापुरतं सेटिंग बदललं, की प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये 'डॉट व्हीएसकोड' नावाचं एक छोटं फोल्डर तयार होतं. त्यात साधारणपणे तीन फाइली असतात. सेटिंग्जच्या फाइलीत एडिटरने कसं वागायचं ते असतं, टास्क्सच्या फाइलीत कोणती कामं करून द्यायची ते, आणि लाँचच्या फाइलीत प्रोग्राम चालवून चुका कशा शोधायच्या ते. या फाइली पुष्कळदा कोडबरोबरच गिटमध्ये, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात जातात, म्हणजे सहकाऱ्यांच्या हाती पडतात. त्या उघडून पाहिल्या, तर वारंवार एक ओळ भेटते: सी ड्राइव्ह, त्यात यूजर्स, त्यात कुणाचं तरी नाव, त्यापुढे डेस्कटॉप, आणि शेवटी प्रकल्पाचं फोल्डर. ही ओळ जगातल्या एकाच संगणकावर खरी असते. माझं म्हणणं एवढंच आहे, की दहा जणांच्या हाती जाणाऱ्या फाइलीत एका संगणकाचा पत्ता लिहिणं ही चूक आहे, आणि ती टाळायचं साधन एडिटरने आपल्याला आधीच देऊन ठेवलं आहे.

ते साधन म्हणजे आधीच ठरवून दिलेली व्हेरिएबल्स. लिहायची रीत अशी: डॉलरचं चिन्ह, मग महिरपी कंस, आणि कंसात 'वर्कस्पेसफोल्डर' हा शब्द. टास्क चालवायची वेळ आली, की एडिटर तो कंस काढून तिथे आत्ता उघडलेल्या प्रकल्पाचा पूर्ण पत्ता भरतो. असे आणखी बरेच शब्द आहेत. 'फाइल' म्हणजे समोर उघडी असलेली फाइल, 'फाइलडिरनेम' म्हणजे ती ज्या फोल्डरमध्ये आहे ते, 'लाइननंबर' म्हणजे कर्सर ज्या ओळीवर आहे तिचा क्रमांक, 'यूजरहोम' म्हणजे वापरणाऱ्याचं स्वतःचं फोल्डर. ही कल्पना आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. पूजेच्या छापील पोथीत संकल्पाच्या ठिकाणी संवत्सर, तिथी, वार, नक्षत्र यांच्याआधी 'अमुक' एवढाच शब्द छापलेला असतो. गोदावरीचा दक्षिण तीर की उत्तर तीर, हेसुद्धा सांगणारा आपण कुठे बसलो आहोत ते पाहून म्हणतो. छापणाऱ्याने स्वतःची तिथी आणि स्वतःचं गाव तिथे छापून टाकलं असतं, तर ती पोथी त्या दिवसापुरती आणि त्या घरापुरतीच उरली असती. 'अमुक' लिहिल्यामुळे मजकूर संदिग्ध होत नाही, कारण पुढचाच शब्द सांगतो की इथे वार भरायचा आहे, इथे नक्षत्र.

संगणकाच्या जगातही ही सोय नवी नाही. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली प्रोग्राम बांधून देणारं 'मेक' हे साधन लिहिलं. त्यात जी फाइल बनवायची आहे तिचं नाव पुन्हा पुन्हा लिहू नये, म्हणून डॉलर आणि 'अ‍ॅट'चं चिन्ह एवढंच लिहिलं की भागतं. १९७९च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स आली, आणि 'होम' या शब्दामागे प्रत्येकाचं आपापलं घर उभं राहिलं. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या, मोठ्या व्हिज्युअल स्टुडिओत 'सोल्युशनडिर' हा मॅक्रो आहे, सब्लाइम टेक्स्टमध्ये 'प्रोजेक्ट पाथ' आहे. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या काळात तीच गरज ओळखली आणि बहुतेक त्याच तऱ्हेने भागवली.

आता एक टास्क जवळून पाहू. सी भाषेतली 'बेरीज डॉट सी' ही फाइल उघडी आहे आणि ती कंपाइल करायची आहे. या एडिटरच्या सी भाषेच्या एक्स्टेन्शनने, म्हणजे एडिटरला वरून जोडलेल्या भागाने, तयार करून दिलेल्या टास्कमध्ये कंपायलरला तीन गोष्टी सांगितलेल्या असतात. कंपाइल काय करायचं, तर 'फाइल'. तयार प्रोग्राम कुठे ठेवायचा, तर 'फाइलडिरनेम'. त्याला नाव काय द्यायचं, तर 'फाइलबेसनेमनोएक्स्टेन्शन', म्हणजे फाइलच्या नावातून 'डॉट सी' हे शेपूट कापून उरतं ते: 'बेरीज'. या तीन गोष्टींत कुठल्याही फाइलीचं नाव नाही आणि कुठल्याही फोल्डरचं नाही. म्हणून उद्या 'वजाबाकी डॉट सी' उघडली तरी तीच टास्क चालते, आणि मैत्रिणीच्या संगणकावर प्रकल्प डी ड्राइव्हवर असला तरी चालते. गंमत अशी, की त्याच टास्कमध्ये कंपायलरचा पत्ता मात्र पुष्कळदा पूर्ण लिहिलेला असतो. अडलं तर बहुधा तिथेच अडतं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी चौघांनी मिळून प्रकल्प करायची पद्धत आपल्याकडे आहे. चौघांचे लॅपटॉप वेगळे, विंडोजमधली नावं वेगळी, एखाद्याकडे लिनक्स. तिथे पहिला दिवस कोड लिहिण्यात जातो की पत्ते दुरुस्त करण्यात, हे या दोन-तीन ओळींवर ठरतं.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो, की पूर्ण पत्ता डोळ्यांना दिसतो आणि व्हेरिएबलमागे काय आहे ते दिसत नाही. नवशिक्याला तर तो डॉलर आणि कंस पाहूनच धास्ती वाटते. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. पण दिसणं आणि खरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याच्या संगणकावर तो पूर्ण पत्ता अगदी स्पष्ट दिसतो आणि अगदी स्पष्टपणे चुकीचा असतो. शिवाय व्हेरिएबलमागचं मूल्य पाहणं अवघड नाही. 'एको' ही आज्ञा आणि तिच्यापुढे ते व्हेरिएबल अशी एका ओळीची टास्क लिहून चालवली, की टर्मिनलमध्ये खरा पत्ता छापला जातो. शिकवणाऱ्यांनी ही टास्क पहिल्याच तासाला मुलांकडून करून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं, कारण धास्ती तिथेच संपते.

दुसरा आक्षेप एकट्याने काम करणाऱ्यांचा. माझी फाइल मीच वाचणार, मग ही उठाठेव कशाला? पण एकटा माणूससुद्धा लॅपटॉप बदलतो, विंडोज नव्याने टाकतो, डेस्कटॉपवरचं फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवतो. दोन वर्षांनी तोच स्वतःचा सहकारी होतो. आणि पत्त्यात आपलं यूजरनेम असतं, ते कोड सार्वजनिक केला की जगाला दिसतं, हाही मुद्दा एकट्या माणसाला लागू आहेच.

तिसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ही व्हेरिएबल्स सगळीकडे चालत नाहीत. टास्क्स आणि लाँच या दोन फाइलींत ती चालतात, पण सेटिंग्जच्या फाइलीत मोजक्याच ठिकाणी चालतात. टर्मिनल कोणत्या फोल्डरमध्ये उघडावं या सेटिंगला ती समजतात. पायथॉनच्या एक्स्टेन्शनला मूळ इंटरप्रिटर कुठे आहे हे सांगतानाही समजतात. पण एखाद्या एक्स्टेन्शनने ती सोय केलेली नसेल, तर ते डॉलर आणि कंस यांच्यासकट तो मजकूर हेच फोल्डरचं नाव समजतं आणि अशा नावाचं फोल्डर शोधत बसतं. वापरणाऱ्याला वाटतं, लिहिण्यात आपलंच काही चुकलं. म्हणून कुठे चालतं ते त्या एक्स्टेन्शनच्या माहितीपानावर आधी पाहावं. शिवाय व्हेरिएबल पत्त्याचा पहिला भाग भरून देतं, पुढचा देत नाही. पायथॉनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट विंडोजवर 'स्क्रिप्ट्स' नावाच्या फोल्डरमध्ये इंटरप्रिटर ठेवतं आणि लिनक्स किंवा मॅकवर 'बिन'मध्ये. हा फरक वर्कस्पेसफोल्डरने मिटत नाही. टास्क्सच्या फाइलीत विंडोज, लिनक्स आणि मॅक यांच्यासाठी वेगळ्या ओळी देण्याची सोय आहे, ती वापरावी लागते. एन्व्हायर्नमेंटमधलं यूजरचं नाव विंडोजवर 'यूजरनेम' असतं आणि लिनक्सवर 'यूजर', तेव्हा तिथेही जपून. या मर्यादा खऱ्या आहेत. पण त्यांतली एकही पूर्ण पत्ता लिहिल्याने दूर होत नाही.

इथे मला व्हेरिएबल्सच्या बाजूच्या लोकांनाही एक गोष्ट सांगायची आहे. सगळी व्हेरिएबल्स एका जातीची नाहीत. 'वर्कस्पेसफोल्डर' प्रकल्प उघडा असेपर्यंत बदलत नाही. 'फाइल', 'लाइननंबर', 'सिलेक्टेडटेक्स्ट' ही मात्र त्या क्षणाची असतात, फाइल बदलली किंवा कर्सर हलला की त्यांचं मूल्य बदललं. पायथॉनच्या प्रकल्पात लाँचच्या फाइलीत 'कोणता प्रोग्राम चालवायचा' यापुढे 'फाइल' लिहिलं, आणि आपण लाँचचीच फाइल दुरुस्त करून तसंच प्रोग्राम चालवण्यासाठी एफ-फाइव्ह दाबलं, तर पायथॉन ती लाँचची फाइलच प्रोग्राम समजून चालवायला घेतो आणि भलतीच चूक दाखवतो. कोणतीच फाइल उघडी नसेल, तर एडिटर सांगतो की या व्हेरिएबलचं मूल्य ठरवता येत नाही. सुट्या प्रोग्रामांचा सराव करताना 'फाइल' उत्तम आहे. पण ज्या प्रकल्पाला सुरुवातीची एक ठरलेली फाइल आहे, तिथे वर्कस्पेसफोल्डर आणि त्यापुढे त्या फाइलीचं नाव असंच लिहावं. प्रकल्पाचा स्वभाव स्थिर असेल, तर त्याच्या सेटिंगने कर्सरच्या मागे धावू नये.

व्हेरिएबल्सच्या नावांबाबतही जपायला हवं. पूर्वी याच अर्थाने 'वर्कस्पेसरूट' हे व्हेरिएबल होतं. २०१७ साली एकाच खिडकीत अनेक मूळ फोल्डरं उघडायची सोय आली आणि 'मूळ' एकच असतं हे गृहीतक मोडलं. तेव्हा ते नाव मागे पडून 'वर्कस्पेसफोल्डर' आलं, आणि अनेक फोल्डरं असतील तर कोलन देऊन त्यापुढे कोणतं फोल्डर ते सांगता येऊ लागलं. म्हणून जुन्या ओळी आंधळेपणाने उतरवून घेऊ नयेत.

शेवटचा आक्षेप: हे शब्द एकाच एडिटरचे आहेत, दुसरा एडिटर वापरणाऱ्याला त्यांचा उपयोग काय? खरं आहे. म्हणून प्रकल्पाची मुख्य कामं 'मेक'च्या मेकफाइलसारख्या, एडिटरवर न अवलंबणाऱ्या जागी सापेक्ष, म्हणजे प्रकल्पाच्या फोल्डरपासून सुरू होणाऱ्या, पत्त्यांनी लिहावीत आणि एडिटरच्या टास्कने फक्त त्यांना हाक मारावी. एडिटरच्या फाइली जितक्या लहान राहतील तितक्या बऱ्या.

तुमच्यापैकी जे प्रोग्राम लिहितात, त्यांना माझी एक विनंती आहे. आज काम उघडाल तेव्हा 'डॉट व्हीएसकोड' फोल्डरमधल्या फाइलींत आपलं स्वतःचं यूजरनेम शोधा. ते सापडलं, तर प्रकल्पाच्या फोल्डरपर्यंतचा सगळा पत्ता पुसा, त्या जागी डॉलर, महिरपी कंस आणि वर्कस्पेसफोल्डर लिहा, आणि मगच ती फाइल दुसऱ्याकडे पाठवा.