जाहिरात : सांगते किती, झाकते किती?

‘जाहिरात’ हा शब्द ‘जाहीर’वरून आला. जे आहे ते चारचौघांना कळवायचे, एवढाच त्याचा मूळ अर्थ. चावडीपुढे पिटली जाणारी दवंडी हीसुद्धा जाहिरातच. पुढे छापखाने आले. १७८० साली कोलकात्यात निघालेल्या हिकीच्या ‘बेंगॉल गॅझेट’च्या पूर्ण नावातच ‘अ‍ॅडव्हर्टायझर’ हा शब्द होता.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर किर्लोस्करांच्या नांगराचे. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, पण लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. माल नुसता चांगला असून भागत नाही, तो लोकांना पटवून द्यावा लागतो. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ काढली, ती कारखान्याची आणि मालाची माहिती देण्यासाठी. गिऱ्हाइकाला आधी वाचक मानल्यामुळे त्या पत्रकातून पुढे ‘किर्लोस्कर’ हे नामांकित मासिक उभे राहिले.

मग जाहिरात कानांवर पडू लागली. १९६७ पासून ‘विविध भारती’वर आणि १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या. तिची भाषाही बदलली. आपल्या शहराजवळ वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. त्यानंतर चारेक वर्षांनी ‘हमारा बजाज’ ही जाहिरात घराघरांत पोचली. तिच्यात इंजिनाची माहिती जवळजवळ नव्हतीच; होती स्कूटरवरची साधी माणसे आणि आपलेपणा. किर्लोस्करांनी नांगर समजावून सांगितला, इथे भावनेला हात घातला गेला.

भावनेला हात घालणे हा काही गुन्हा नाही. पण तिच्या आडून खोटे खपवले, तर तोटा आपला होतो. शिकवणी वर्गाच्या फलकावर यशस्वी मुलांचे फोटो असतात. त्या मुलाने तिथे पूर्ण वर्षभर शिक्षण घेतले, की फक्त मुलाखतीची तयारी केली? आईबाप कर्ज काढून फी भरतात, ते त्या फोटोकडे पाहून. म्हणूनच २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार त्या विद्यार्थ्याने कोणता अभ्यासक्रम, किती काळ केला, हे जाहिरातीतच सांगणे बंधनकारक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हा तोच प्रकार केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

तेव्हा श्रोतेहो, जाहिरात जरूर पाहा, तिच्यातली गंमतही घ्या. मात्र पैसे मोजण्यापूर्वी एक प्रश्न विचारा : हिने जाहीर काय केले, आणि झाकले काय? उत्तर मिळेपर्यंत खिशातला हात बाहेर काढू नका.