सोबतीला कोण जाणार?



रोवणीचे दिवस आहेत. लाखनीपासून लाखांदूरपर्यंत बाया दिवसभर अनवाणी बांधीत उभ्या. टाचेला भेगा, बोटांत चिखल्या, कधी काटा. अशा पायावर एखादा काळा डाग उठला तर त्याकडे कोण बघतो? पण मेलॅनोमा नावाचा त्वचेचा कर्करोग आपल्या लोकांत बहुधा इथंच निघतो: तळपायाला, तळहाताला, नखाखाली. उन्हाशी त्याचा फारसा संबंध नाही. जमैकाचा गायक बॉब मार्ले याच्या पायाच्या नखाखाली असाच डाग होता. फुटबॉल खेळताना लागलं असेल, असं आधी वाटलं. 1981 साली, वयाच्या 36व्या वर्षी तो गेला.

आजार दुर्मीळ आहे, धास्ती नको. मात्र वाढणारा, रंग बदलणारा डाग ब्लेडने खरवडू नका, डॉक्टरांना दाखवा. उशीर झाला तर तो जांघेतल्या गाठींत, फुप्फुसांत पोचतो, आणि तरण्या बाईलाही सोडत नाही.

इथवर पोचलेल्या रुग्णाचं आयुष्य पूर्वी महिन्यांत मोजत. मग 2011 पासून इम्युनोथेरपीची औषधं आली. ती शरीराच्याच प्रतिकारशक्तीचा लगाम सोडतात. त्यामागच्या संशोधनाला 2018चं नोबेल मिळालं. अशी दोन औषधं एकत्र दिलेल्या रुग्णांपैकी शंभरात सुमारे 43 जण दहा वर्षांनंतरही हयात होते, असं 2024 मध्ये प्रसिद्ध झालं. ते रुग्ण मुख्यतः गोऱ्या कातडीचे. तळपायाचा मेलॅनोमा या औषधांना तेवढी दाद देत नाही, हेही सांगायलाच हवं. तरी हात टेकायचे दिवस गेले.

आता पदरी तान्हं मूल असलेली बाई डोळ्यांसमोर आणा. औषध चालू असताना अंगावर पाजायचं नाही. म्हणजे बाळाला वरचं दूध, आणि रात्री त्याला घेणारं दुसरं कुणी. ठरल्या आठवड्याला नागपूरची खेप. त्यात या औषधांची खोड अशी, की मोकाट सुटलेली प्रतिकारशक्ती कधी स्वतःच्याच आतड्यांवर उठते. जुलाब लागले तर घरगुती काढे करत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. मध्यरात्री गाडी काढणारा माणूस जवळ नसेल, तर महागडं औषधही अंगावर उलटतं.

म्हणून ‘हिंमत ठेव बाई’ हे वाक्य मला खटकतं. फुकटात पडतं ते. हिंमत बाईने ठेवायची आणि बाकीच्यांनी सफरचंदं घेऊन खाटेभोवती बसायचं, ही वाटणी बरी नाही. सोबतीच्या पाळ्या लावा. या खेपेला जाऊ, पुढच्या खेपेला भाऊ. मोठ्या लेकीची शाळा शेजारणीकडे. नवरा भात शिजवायला शिकला तर आभाळ कोसळत नाही.

एसटीत कर्करुग्णाला भाड्यात 75 टक्के सवलत आहे. सोबतच्या बाईला निम्मं तिकीट तसंही मिळतंच. मुंबईला टाटा रुग्णालयात जायची वेळ आली, तर रेल्वेच्या स्लीपरमध्ये रुग्णाला भाडं पडत नाही, आणि दादरला गाडगे महाराजांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत कर्करुग्णांना आसरा मिळतो. यासाठी कागद लागतात, ते शिकलेल्या पुतण्याने जमवावेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं. त्या रांगेत रुग्णाने उभं राहायचं नाही. ते सोबत गेलेल्याचं काम.