शेवाळाशी भांडण नको, झाडांशी मैत्री करा
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



दिवाणखान्यात माशांची टाकी आणि त्या टाकीत प्लॅस्टिकच्या शोभेच्या रोपांऐवजी खऱ्या पाणवनस्पती, ही हौस आता आपल्याकडे चांगली रुजली आहे. पहिले दोन-तीन आठवडे सगळं छान चालतं. मग पानांच्या कडेला बारीक हिरवी लव दिसू लागते. बघता बघता लवेचे केस होतात, केसांच्या जटा होतात आणि झाडं त्यात गुरफटून जातात. आलागेला विचारतो, "टाकी कधी धुतली होती?" ते मनाला लागतं. रविवारी मासे बादलीत काढायचे, वाळू-दगड नळाखाली खसाखसा घासायचे, टाकी लख्ख करून पुन्हा भरायची, असा बेत ठरतो. बुधवार-गुरुवारपर्यंत दोन मासे दगावलेले असतात आणि महिन्याभरात शेवाळ परत हजर होतं. केसाळ शेवाळानं मासे क्वचितच मरतात. ते घालवण्याच्या घाईनं मात्र मरतात.

मुळात हे शेवाळ म्हणजे घाण नव्हे. स्पायरोगायरा, क्लॅडोफोरा, ऊडोगोनियम अशी त्यातल्या काही मंडळींची नावं. स्पायरोगायरा तर जीवशास्त्राच्या तासाला सूक्ष्मदर्शकाखाली अनेकांनी पाहिला असेल. पेशीत हरितद्रव्याची हिरवी फीत स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. त्याला हवं असतं तेच, जे झाडाला हवं असतं : प्रकाश, कार्बन डायऑक्साइड, नत्र, स्फुरद. फरक इतकाच, की झाडाला मूळ, खोड, पानं असा मोठा संसार चालवायचा असतो. एखाद्या गोष्टीची टंचाई झाली की त्याची वाढ अडते. शेवाळाचा संसार चार पेशींचा. त्याचं थोडक्यात भागतं. झाड थांबलं, की त्याच्या वाट्याचा प्रकाश शेवाळाच्या पदरात पडतो.

म्हणून पहिला प्रश्न दिव्याचा. घर उजळावं म्हणून टाकीचा दिवा सकाळपासून रात्रीपर्यंत जळत असतो. शिवाय टाकी खिडकीपाशी असेल तर उन्हाची तिरीपही येते. पण प्रकाश वाढवला म्हणून झाड जास्त जेवेलच असं नाही. वायू पाण्यात हवेपेक्षा सुमारे १०,००० पट संथ पसरतो. त्यामुळे पानाजवळचा कार्बन डायऑक्साइड संपला, की पुढचा येईपर्यंत पान नुसतं उजेडात बसून राहतं. दिवा रोज ६ ते ७ तासच ठेवा, तोही ठरलेल्या वेळी. त्यासाठी साधा टायमर पुरतो. खिडकीच्या बाजूच्या काचेला मागून कागद लावा. एलईडी दिवा फार प्रखर असेल तर थोडा वर उचला. फिल्टरचा प्रवाह झाडांपर्यंत पोचतो ना, तेही पाहा.

दुसरा प्रश्न खताचा. १९९०च्या दशकात पाण्यातलं स्फुरद तोडलं की शेवाळ उपाशी मरेल, असा विचार हौशी मंडळींत बराच रुजला होता. पुढं अनुभवी लोकांच्या लक्षात आलं, की भरगच्च, निरोगी झाडांच्या टाकीत मोजून स्फुरद घातलं तरी शेवाळ माजत नाही. उलट उपासमारीत आधी झाडंच खंगतात. जुन्या पानांना भोकं पडणं, नवी पानं पिवळट येणं ही टंचाईची लक्षणं. तेव्हा खत बंद करू नका, मोजून द्या. तोडायचं असेल तर माशांचं उरणारं खाद्य तोडा. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच घाला.

आता प्रत्यक्ष सफाई. जुना टूथब्रश शेवाळाच्या जटेत घालून पीळ द्या. शेवया गुंडाळाव्यात तसं ते गुंडाळून येतं. फार माखलेली पानं देठाशी कापून टाका. लगेच २५ ते ३० टक्के पाणी बदला आणि दर आठवड्याला तेवढंच बदलत राहा. २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच टाकीत काठोकाठ ५६ लिटर पाणी मावतं, म्हणजे साधारण एक बादलीभर बदल झाला. नळाचं पाणी असेल तर क्लोरिन घालवण्यासाठी दुकानात मिळणारं हायपो किंवा अँटिक्लोरिन योग्य प्रमाणात वापरा.

पण फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. माशांच्या विष्ठेतून आणि कुजलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू त्या स्पंजात आणि वाळूत वस्ती करून असतात. सगळं एकाच दिवशी घासून काढलं की ही वस्ती उठते, अमोनिया साचतो आणि मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलका पिळून घ्या.

औषधांबाबतही जपून. तांबं असलेली शेवाळनाशकं कोळंबी आणि गोगलगायींना मारक ठरतात. शिवाय शेवाळ एकदम मेलं, की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. दिवा बंद करून, टाकी चादरीनं झाकून तीन दिवस अंधार करण्याचा उपाय काही जण करतात. तो करायचा तर आधी हातानं शेवाळ काढा, एअर पंप चालू ठेवा आणि शेवटी पाणी बदला. कारण दूर केलं नसेल, तर अंधारानंतरही शेवाळ परत येतंच.

मदतनीस हवेत? जपानचे मत्स्यालयरचनाकार ताकाशी अमानो यांनी शेवाळ खाणारी छोटी कोळंबी टाकीत आणली. आज ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते. ती मिळाली नाही, तर ब्लॅक मॉली किंवा आपल्याच देशातला रोझी बार्ब केसाळ शेवाळ कुरतडतो. रोझी बार्ब कोवळी पानंही चाखतो, एवढं ध्यानात ठेवा. 'काच साफ करतो' म्हणून विकला जाणारा सकर मासा मात्र आणू नका. तो केसाळ शेवाळाला फारसं तोंड लावत नाही आणि फूट-दीड फूट वाढतो. मग टाकीत मावेना म्हणून लोक त्याला नदी-तलावात सोडतात. दक्षिण अमेरिकेतला हा पाहुणा भारतातल्या अनेक जलाशयांत असाच पोचला आहे आणि मच्छीमारांची जाळी फाडतो आहे. टाकीतला मासा, झाड किंवा शेवाळ, काहीच ओढ्या-नदीत टाकू नका. काढलेलं शेवाळ कुंडीत घाला. उत्तम खत होतं.

आणि सगळ्यांत खात्रीचा मदतनीस म्हणजे भराभर वाढणारी झाडं : हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, हॉर्नवर्ट, वॉटर स्प्राइट. नवी टाकी मांडताना दोन-चार काड्या लावून वाट पाहू नका; पहिल्याच दिवशी निम्म्याहून अधिक तळ झाडांनी भरा. टाकी स्थिरावली की त्यातली काही काढून सावकाश वाढणारी लावता येतात.

एवढं केल्यावर निकाल कधी? चार-सहा आठवडे द्या. माखलेलं जुनं पान पुन्हा कोरं होत नाही, त्याच्याकडे बघून निराश होऊ नका. शेंड्याला येणारं नवं पान बघा. ते स्वच्छ आणि हिरवं येत असेल तर टाकी मार्गी लागली असं समजा, आणि पुढच्या रविवारी तिला धुवायला मुळीच काढू नका.